‘विहीर छान झाली जी, साहेब!’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एक छायाचित्र होते. आटलेला तलाव, त्यात पिवळे जेसीबी, त्याच्या सोंडेला झेंडूचा हार आणि पुढे नारळ घेऊन उभे चार-पाच पाहुणे. खाली मजकूर नेहमीचाच: तलाव खोलीकरणाचा शुभारंभ, पाणीसाठा वाढणार, शेतकऱ्यांना दिलासा. उजव्या कोपऱ्यात फाईल छातीशी धरलेला एक माणूस अर्धा कापला गेला आहे. तो कोण हे मला ठाऊक नाही. पण त्या कोपऱ्यात मी ३१ वर्षे उभा राहिलो आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी.

मी गोंदिया जिल्ह्यात राहतो. पाटबंधाऱ्याच्या कामातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ मामा तलावांवर गेला. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, हा मामा आईचा भाऊ नव्हे. माजी मालगुजारी तलाव, त्याचे कागदोपत्री लघुरूप मामा. मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा गावचा जमीनदार. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, नावातला मालगुजार मात्र अजून निघालेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग धरला तर असे सहा-सात हजार तलाव आहेत. हा धानाचा मुलूख. सप्टेंबरात पावसाने पाठ फिरवली आणि धान पोटरीत असले, तर शेवटचे एक पाणी तलावच देतो. त्या एका पाण्यावर घराचे वर्ष अवलंबून असते.

हे तलाव बांधले कोहळी समाजाने, गोंड राजांच्या काळात. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असे राजाचे धोरण होते म्हणतात. नवेगावबांधचा अफाट तलाव कोलू पाटील कोहळी यांचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. अभियंता म्हणून सांगतो, त्या लोकांना जमिनीचा उतार डोळ्यांनी वाचता येत होता. दोन टेकड्यांमध्ये नेमकी आखूड पाळ घालायची आणि मागे मोठे पाणी अडवायचे, ही जागा निवडायला आज आम्ही दुर्बिणी लावतो. पाळीतून पाणी सोडायला तुडूम असते. दगडी बांधणी, एकाखाली एक भोके, प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. पाणी जसे उतरेल तशी वरून एकेक खुंटी काढत यायचे. मी नोकरीत त्यातली कितीतरी तुडुमे काढून लोखंडी दारे बसवली. दारे दहा वर्षांत गंजली. ते असो.

बांधणाऱ्यांचे नाव इतिहासात राहिले. पण तलाव नुसता बांधून राहत नाही, तो दर वर्षी सांभाळावा लागतो. त्या सांभाळण्यातला मोठा वाटा ढिवर समाजाचा. मासेमारी करणारे हे लोक शिंगाडा लावतात, जाळे विणतात, रात्री-अपरात्री पाण्यावर असतात. पाळीला खेकड्याने भोक पाडले, पाणी झिरपू लागले, तर पहिल्यांदा त्यांनाच कळते. आमच्या रजिस्टरात या कामाला रकाना नव्हता. तलावाच्या नोंदीत पाणलोट क्षेत्र, साठवण क्षमता, सिंचन क्षेत्र, पाळीची लांबी, सांडव्याची रुंदी हे सगळे असे. माणसांचा उल्लेख यायचा तो फक्त लाभधारक शेतकरी म्हणून.

आता मुद्द्याची गोष्ट. गावाचे नाव आणि साल मुद्दामच लिहीत नाही. चूक माझी आहे, गावाला कशाला बदनाम करू?

तो साधारण वीस हेक्टरांचा तलाव होता. खोलीकरणाचे अंदाजपत्रक मी केले. ग्रामसभेचा ठराव हवा होता, तो आमच्याच कार्यालयात टाइप झाला आणि सह्यांसाठी गावात गेला. मे महिन्यात यंत्र उतरले. जुन्या तलावाचा तळ कललेल्या ताटासारखा असतो, हे इथे समजून घ्यावे लागेल. पाळीजवळ खोल आणि वरच्या अंगाला, जिथून नाले येतात तिकडे, पसरट उथळ. मे महिन्यात पाळीजवळ अजून चिखल असतो. तिथे यंत्र घातले तर रुतते, मग दुसरे यंत्र आणून ते ओढून काढायचे, कंत्राटदाराचा दिवस बुडतो. वरचे अंग मात्र वाळून खणखणीत झालेले असते. पैसे घनमीटरवर मिळतात. मग यंत्र कुठे चालेल हे सांगायला अभियंता लागत नाही. गाळ साचलेला असतो बहुतेक पाळीजवळ आणि खणले जाते वरच्या उथळ अंगाला. काठही उभे कापले, कारण मोजमापाला उभा काठ सोपा: लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. उताराचा काठ असला की आडवे छेद घ्यावे लागतात, मोजमाप पुस्तिकेत चार पाने जास्त लिहावी लागतात. मी ती चार पाने वाचवली.

काम संपले त्या संध्याकाळी मी काठावर टेप गुंडाळत होतो. एक म्हातारे ढिवर बाबा काठीवर हनुवटी टेकून केव्हापासून बघत होते. मी विचारले, “कसे झाले काम, बाबा?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विहीर छान झाली जी, साहेब.”

मला ते कौतुक वाटले. खरेच सांगतो, घरी येऊन बायकोला मी ते कौतुक म्हणून सांगितले होते.

पहिल्या पावसाळ्यात तलाव भरला, पाणी पूर्वीपेक्षा जास्त साठले, मला शाबासकी मिळाली. पण एका ठिकाणी आम्ही चिकणमातीचा थर फोडून मुरमापर्यंत गेलो होतो. तिथून पाणी जिरू लागले आणि फेब्रुवारीत तलाव पूर्वीच्याच रेषेवर आला. तिसऱ्या वर्षी उभ्या काठांवर बेशरम माजली. बेशरम म्हणजे ते जांभळट फुलांचे झुडूप, कापून फेकले तरी तुकड्याला मूळ फुटते, गुरे तोंड लावत नाहीत. संस्थेत म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेत दर वर्षी रोहू, कटला, मृगळाचे बीज विकत आणून सोडायचे, ते सोडत राहिले. ते मासे वाढायचे, विकले जायचे. पण मरळ, वाम, मागूर, झिंगे हे गावचे मासे, ज्यांचे बीज कोणी आणून सोडत नाही, ते जाळ्यात यायचे कमी झाले. आधी कमी झाले, नंतर बाजाराच्या टोपलीत दिसेनासे झाले.

यात तोटा कोणाचा? रोहू-कटल्याचा हिशोब संस्थेच्या वहीत असतो, लिलावात असतो. गावठी मासळी ही ढिवर बायकांची मिळकत. हातजाळ्यात पाव-अर्धा किलो मिळाले की डोक्यावर टोपली घेऊन आसपासची खेडी फिरायची, पैसे किंवा धान घ्यायचे, उरलेले घरच्या भाजीत. ही मिळकत कुठल्याच वहीत नव्हती, म्हणून ती बुडाली तेव्हाही कुठल्या वहीत उमटली नाही.

‘विहीर छान झाली’ याचा अर्थ मला उमगायला सहा वर्षे गेली. निवृत्तीच्या आसपास मी त्या बाबांकडे मुद्दाम गेलो. ते खाटेवर जाळ्याचे मणी ओवत होते. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मला झापले नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी मरळीची गोष्ट सांगितली. पाऊस लागला की मरळीचे जोडपे उथळ पाण्यात, गवताच्या मध्ये जागा साफ करून अंडी घालते. पिल्ले निघाली की त्यांचा तांबूस थवा पाण्यावर भाकरीएवढा दिसतो आणि नर-मादी खालून राखण करतात. त्या दिवसांत राखणीवरची मरळ मारायची नाही, हा नियम होता, कारण आईबाप गेले की बेडूक आणि दुसरे मासे तासाभरात थवा संपवतात. “आता नियम पाळून का करायचा जी,” ते म्हणाले, “पोरं राहायला घरच नाही.” उथळ काठ म्हणजे तलावाचे बाळंतघर. तिथे हातभर पाण्यात ऊन तळापर्यंत जाते, म्हणून तिथेच वनस्पती उगवतात, त्यांना धरून किडे, अंडी, पिल्ले, बदके, पाणकोंबड्या. खोल जागेत नुसते पाणी असते, बाकी काही नसते. तीच विहीर.

मी त्या सगळ्या वनस्पतींना जन्मभर शेवाळ म्हणत आलो. अंदाजपत्रकातही ‘शेवाळ व झुडपे काढणे’ अशी एकच बाब असे. बाबांच्या सुनेने मला एका दुपारी अकरा वनस्पती नावानिशी दाखवल्या: ही तळाला धरून राहते, ही तरंगते, हिच्या मुळांत झिंगा बसतो, ही माजली तर कापावी लागते, हे कमळ, हा शिंगाडा, हे देवधान. देवधान म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, गावात उपासाला खातात. सारसही खातो. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि तेही फार तर तीस-चाळीस. हा माणसाएवढा उंच पक्षी तलावाच्या काठी, धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो, महिनाभर उबवतो. ज्या शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचा धानाचा तुकडा न कापता ठेवला, कुत्री हाकलली, त्यांच्यामुळे सारस राहिला. देवधान गेले, काठ गेला, तर नुसत्या फलकांवर लावायला सारसाचे चित्र उरेल.

पुढची गोष्ट जरा आनंदाची आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी या भागात ढिवरांच्या ज्ञानाची नोंद करून त्याच्याच आधाराने तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम कित्येक वर्षे चालवले आहे. ते पाहून आमच्या भागातल्या एका बचत गटाच्या बायकांनी आपल्या तलावावर तसे करायचे ठरवले आणि एका निवृत्त, रिकाम्या माणसाला टेप धरायला बोलावले. मी गेलो.

आधी बेशरम. कापायची नाही, कुदळीने मुळासकट उपटायची, पाळीपासून लांब उन्हात वाळवायची आणि मग जाळायची. पंधरा दिवस गेले. मृग लागण्याआधी उथळ अंगाची माती नांगरून भुसभुशीत केली. मग शेजारच्या गावाच्या चांगल्या तलावातून रोपे आणायची होती. एका बाईने मला विचारले, “साहेब, रोवणी येते का जी तुम्हाले?” मी म्हटले, शेतकऱ्याचा पोरगा आहे, येते. “मग झाले. धानासारखेच. मुळाले माती राहू द्या.” ओल्या पोत्यांत, मुळाच्या मातीसकट रोपे आणली आणि गुडघाभर चिखलात, वाकून, ओळीने लावली. तळाशी राहणारी आत, पाणी चार बोटे असेल तिथे देवधान आणि त्याच्या मागे इतर. कोणती कुठे हे बायका सांगत होत्या. मी नुसते अंतर मोजत होतो आणि त्यांनी ते अंतर दोनदा मोडीत काढले, कारण माझ्या सरळ ओळीत एक खळगा येत होता आणि त्या खळग्यात वामेची जागा होती. गुरे येऊ नयेत म्हणून काट्यांचे कुंपण केले. दुसऱ्या पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा तांबूस थवा दिसला. भाकरीएवढा नव्हता, पुरीएवढा असेल. बाबा तोवर वारले होते.

हे वाचून कोणी ढिवर म्हणजे जन्मजात पर्यावरणरक्षक असे समजू नये. मला असले हळवे लिखाण आवडत नाही. त्याच तलावावर काही पोरे मच्छरदाणीच्या कापडाने पिल्ले गाळून काढताना मी पाहिली आहेत. मासेमारीचा ठेका वर्षा-दोन वर्षांचा, पुढच्या खेपेला तलाव आपल्याकडे राहील याची खात्री नाही, मग आज मिळेल ते काढा, असा तो हिशोब. कित्येक ठिकाणी संस्थेचे नाव पुढे करून बाहेरचा पैसेवाला ठेका घेतो आणि ढिवर आपल्याच तलावावर मजूर होतो. ज्याचे पुढच्या वर्षी काही नाही, त्याने पुढच्या वर्षासाठी मासा का सोडावा? माणूस चांगला की वाईट यापेक्षा हक्क किती लांबीचा आहे, यावर जास्त ठरते.

शेतकरी आणि मच्छीमार यांचे भांडणही खरे आहे. शेतकऱ्याला ऑक्टोबरात पाणी हवे आणि रब्बीलाही हवे. तलाव तळापर्यंत रिकामा झाला तरी त्याला चालते. ढिवराला मे महिन्यात कमरेएवढे पाणी हवे, नाहीतर पुढच्या पिढीचे आईबाप मासेच उरत नाहीत. यावर मी कार्यालयात बसून तीन बैठका घेतल्या होत्या, एकीतही भांडण सुटले नाही. सुटले ते गावात, पाळीवर बसून. तिथले जुने तुडूम सुदैवाने माझ्या हातून वाचले होते. ठरले असे की सर्वांत खालच्या भोकाची खुंटी कोणीही काढायची नाही. खुंटीवर दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी चुन्याचा पट्टा ओढला. चार वर्षे झाली, एकदाच कोणीतरी रात्री ती काढली होती. सकाळी ज्याची बांधी ओली दिसली, त्याला कोणी काही विचारले नाही, फक्त त्याच्या घरच्या लग्नात मासळी उधार मिळाली नाही. माझ्या लोखंडी दारावर चुन्याचा पट्टा कुठे ओढायचा? त्याची चावी तालुक्याच्या गावी असायची.

आता कायद्याविषयी, थोडक्यात. इंग्रजी काळात जमीन मोजून सारा ठरवत, त्या जुन्या बंदोबस्तात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्त असे. गावाच्या पाण्याचे, मासळीचे, वाटेचे रिवाज त्यात लिहिलेले असत. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते लोकांवरच्या प्रेमापोटी लिहिले नाहीत, सारा वसुलीला सोयीचे म्हणून लिहिले. तरी लिहिले. नंतर आम्ही त्या कागदांकडे बघणे सोडले.

२०१७ चे पाणथळ जागांचे केंद्रीय नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळली आहे आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलरचनाही वगळली आहे. म्हणजे तीनशे वर्षांचा तलाव, ज्याच्या काठी सारस घरटे करतो आणि ज्यात शेकडो कुटुंबे मासे धरतात, तो माणसाने सिंचनासाठी बांधला म्हणून पाणथळ जागाच नव्हे! त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उपग्रह छायाचित्रांवरून नोंदलेल्या देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितले. पण ती यादी सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांची. आमच्या शेतांमधल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, त्याहून लहान. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, आनंद आहे. पण जी पाणथळ माणसांनी बांधली आणि माणसांनीच जिवंत ठेवली, तिला आपल्या नियमांत जागा नाही, हे मला तरी उलटे वाटते.

दुसरीकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत आहे. कलम ५ तर हक्कधारकांना आणि ग्रामसभेला लगतचे पाणलोट क्षेत्र व पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा नुसती भिंतीवर लिहून ठेवली नाही, ती राबवली. बांबू कधी आणि किती तोडायचा, हे गाव बसून ठरवू लागले. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्रीय मंत्री गावात आले. जंगलाच्या बाबतीत हे होऊ शकते, तर तलावाच्या बाबतीत का नाही?

एक अडचण आहे. आमचे बरेच तलाव वनजमिनीबाहेर आहेत, तिथे हा कायदा पोचत नाही. शिवाय ढिवर हे आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, भटक्या जमातीत मोडतात. वनहक्क मागायचा तर त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांचा सातबारा कधी नव्हताच, ज्यांचे सगळे आयुष्य पाण्यावर गेले, त्यांनी पाण्यावरचा पुरावा कुठून आणायचा? मला तर वाटते, जो माणूस तलावातली अकरा झाडे ओळखतो आणि वामेचा खळगा दाखवू शकतो, त्याचे तेवढे बोलणे पुरावा म्हणून नोंदवून घ्यायला हरकत नसावी. आमच्या फाइलीत याहून कच्चे पुरावे पक्के ठरलेले मी पाहिले आहेत.

यंदाच्या २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनाला, मी एका कार्यक्रमाला गेलो होतो. या वर्षीचा विषयच पाणथळ जागा आणि पारंपरिक ज्ञान हा होता. मंचावर सात खुर्च्या होत्या, सातही भाषणे झाली, शपथ झाली. बचत गटाच्या त्या बायकांना मंडपाच्या मागच्या बाजूला झिंग्याच्या वड्यांचा स्टॉल दिला होता. वड्या सगळ्या खपल्या. ज्ञान कोणी विचारले नाही.

गाळ काढूच नका, असे माझे म्हणणे नाही. पाळीजवळचा गाळ काढलाच पाहिजे, तो शेतात गेला तर धानालाही बरा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत त्याची सोयही आहे. माझे म्हणणे एवढेच, की अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी देण्याआधी तलावाच्या नकाशावर न खणण्याची रेषा आखली जावी आणि ती रेषा अभियंत्याने आखू नये. त्या तलावावर मासे धरणाऱ्या बायाबापड्यांनी चालत जाऊन दाखवावी, अभियंत्याने मागे टेप धरावा. काठ उताराचा ठेवावा, मोजमाप पुस्तिकेची चार पाने जास्त लागली तर लागू द्यावीत. बेशरम काढण्याइतकेच पैसे रोपे लावायला ठेवावेत. ठेका निदान दहा वर्षांचा असावा आणि संस्थेच्या सभासद यादीत बायकांची नावे असावीत, कारण काठ त्यांचा आहे. आणि तलावाच्या नोंदवहीत मी कधी न घातलेला तो रकाना घालावा: तलाव कोण सांभाळते.

मे महिना जवळ आला आहे. आमच्या तालुक्यात पुन्हा यंत्रे उतरतील. एका तलावाच्या वरच्या अंगाला आम्ही गेल्या रविवारीच बांबूच्या कामट्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या आहेत. एकूण ४६ कामट्या आहेत. जागा बायकांनी दाखवल्या, मी फक्त मोजल्या. हे काम मंजूर नाही, त्याला कोणाची सही नाही. कंत्राटदाराने किंवा फाईल छातीशी धरलेल्या त्या तरुण साहेबांनी विचारले, तर माझे नाव आणि पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, तो त्यांना जरूर कळवावा. टेप घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया